किनाऱ्यावरच्या प्लास्टिकचं कासव बांधताना

प्रश्न कोकणातल्या किनाऱ्याजवळच्या एका शाळेतल्या बाईंचा आहे. मुलांनी वाळूवरून तीन पोती प्लास्टिक गोळा केलं आहे. त्यातून 8 फुटी ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव करायचं आणि 5 जूनला, पर्यावरण दिनी, शाळेच्या अंगणात मांडायचं असं ठरतंय. कशाने चिकटवावं, रंग कुठला द्यावा आणि कासव टिकेल किती, असं त्यांनी विचारलं आहे.

चिकटवायचं काहीच नाही, आणि रंग अजिबात द्यायचा नाही. आधी रंगाचं सांगतो. हे कासव पाहणाऱ्याला लांबून कासव दिसलं पाहिजे आणि जवळ गेल्यावर त्यात आपला टूथब्रश, आपल्या मुलाची चप्पल, काल खाल्लेल्या वेफर्सचं पाकीट ओळखू आलं पाहिजे. त्या ओळखीसाठीच हा सगळा खटाटोप. वरून हिरवा ऑइलपेंट मारला की बागेतल्या सिमेंटच्या कासवात आणि त्याच्यात फरक उरत नाही. शिवाय रंगाचे पापुद्रे उन्हात सुटतात आणि तेही प्लास्टिकच असतात. रंगवलेला माल पुढे भंगारवालाही घेत नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या बँडन गावी अँजेला हेझेल्टाइन पोझी यांनी 2010 साली ‘वॉश्ड अशोअर’ हा प्रकल्प सुरू केला. किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्लास्टिकची मोठमोठी शिल्पं तिथे होतात. त्यांची सारी ताकद यातच आहे की वस्तू वस्तूच राहते आणि तिच्या मूळ रंगाचाच वापर होतो. तुमच्या पोत्यांतही रंग भरपूर आहेत, फक्त निवडायला बसावं लागेल.

चिकटवण्याचं कारण रसायनशास्त्रातलं आहे. बुचं, डबे, कॅन, दोर हे बहुतेक पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यांचा पृष्ठभाग कुठलाच गोंद नीट धरत नाही. फेव्हिकॉल लाकूड-कागदासाठी आहे. इथे तो वाळून पापडीसारखा निघतो. ग्लूगनचा गोंद वर्गात पक्का वाटतो, पण उन्हात तापून मऊ पडतो आणि दुपारपर्यंत बुचं जमिनीवर येतात. म्हणून प्रत्येक तुकडा भोक पाडून तारेनेच बांधायचा. तारेने बांधलेलं उद्या सोडवताही येतं, आणि सोडवावं लागणारच आहे.

आता आकार. बेल्जियममधल्या ब्रुज शहरात 2018 साली कालव्यातून उसळी मारणारा देवमासा उभा केला होता. तो 11 मीटरहून उंच होता आणि त्यात सुमारे 5 टन समुद्री प्लास्टिक गेलं. तुमच्याकडे तीन पोती आहेत. 8 फुटी कासवाचा एकूण पृष्ठभाग, पोट आणि पाय धरून, साधारण 60 चौरस फूट होतो. एका चौरस फुटात बाटलीची बुचं शेजारी शेजारी मांडली तर सुमारे 100 बसतात. बाटलीचे तुकडे कौलांसारखे एकावर एक मांडले तर 14 लागतात, म्हणजे एक लिटरच्या सात बाटल्या. तीन पोती निम्म्यातच संपतील आणि मग कुणीतरी दुकानातून नवे ग्लास आणेल. हे फार ठिकाणी होतं. कचऱ्याचं शिल्प पुरं करायला नवं प्लास्टिक विकत आणलं जातं आणि मुलं ते बघत असतात. त्यापेक्षा कासव 5 फुटी करा. लांबी 8 वरून 5 वर आणली की पृष्ठभाग 40 टक्क्यांच्याही खाली, सुमारे साडेतेवीस चौरस फुटांवर येतो, आणि तीन पोत्यांत काम होतं. खऱ्या ऑलिव्ह रिडलेची पाठ दोन-सव्वादोन फुटांची असते, तेव्हा 5 फुटीसुद्धा खऱ्यापेक्षा मोठंच दिसेल.

तारखेचाही विचार करा. 5 जूनला राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांना सुट्टी असते, आणि त्याच आठवड्यात कोकणात पाऊस दाराशी येऊन उभा असतो. उघड्या अंगणात मांडलेलं शिल्प पहिल्याच वादळी सरीत आडवं होतं. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर पिल्लं समुद्राकडे जातात तो हाच सुमार, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांसमोर खरं कासव असतं. मांडणी शाळेच्या व्हरांड्यात, पत्र्याखाली करा. 5 जूनलाच हवं असेल तरी व्हरांड्यातच.

धुण्याआधी मोजणी. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि जनजागृतीचा निम्मा ऐवज तिच्यातच असतो. ताडपत्रीवर पोती ओता. बुचं, बाटल्या, चपला, दोर-जाळी, खाऊची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, टूथब्रश, लायटर, औषधाच्या पट्ट्या, थर्माकोल असे ढीग करा आणि पाच-पाचच्या खुणांनी मोजा. ‘आधीच बंदी असलेल्या वस्तू’ असा एक वेगळा रकाना ठेवा. राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 ची आहे. 1 जुलै 2022 पासून स्ट्रॉ, कान कोरायच्या प्लास्टिकच्या काड्या, आइस्क्रीमच्या आणि फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे चमचे-ताटल्या-ग्लास, सजावटीचं थर्माकोल यांवर देशभर बंदी आहे. त्या रकान्यातला आकडा गावकऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला जेवढा बोलतो तेवढं कुठलंच घोषवाक्य बोलत नाही.

निवडताना मुलांच्या हातात रबरी मोजे हवेत. बंद झाकणाच्या बाटलीत द्रव असेल तर ती उघडायची नाही. त्यात डिझेल, ॲसिड, काहीही असू शकतं. सिरिंज दिसली की मुलांनी हात लावायचा नाही. मोठ्यांनी चिमट्याने उचलून झाकणाच्या डब्यात टाकावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी. थर्माकोल शिल्पात घेऊच नका, त्याचे दाणे वाऱ्याबरोबर पुन्हा समुद्रातच जातात.

मग दोन चाचण्या करा. पहिली वाकवण्याची. तुकडा दुमडून बघा. कडकन तुटला किंवा बोटाला पांढरी भुकटी लागली तर तो उन्हाने जळून गेलेला आहे. तो शिल्पावर बसवला तर महिन्याभरात त्याचा चुरा खाली सांडेल, म्हणजे सूक्ष्म प्लास्टिक तुम्हीच तयार केल्यासारखं होईल. असे तुकडे काचेच्या बरणीत भरून शिल्पाशेजारी ठेवा. फुटून फुटून प्लास्टिकचं काय होतं हे दाखवायला त्याहून चांगलं काही नाही. दुसरी चाचणी पाण्याची. नखाएवढा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन वर येतं, बाटलीचं पीईटी, पीव्हीसी आणि कडक पॉलिस्टायरीन तळाला जातं. बुडणाऱ्यांत बाटली सोडून जे असेल ते गरम करायचं नाही आणि ड्रिलही करायचं नाही. पीव्हीसी तापलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सुटते.

धुणं दोन टप्प्यांत. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून दोन तास भिजत ठेवा, मग ब्रशने घासा. बार्नॅकल (वस्तूंना घट्ट चिकटून बसणारे कडक कवचाचे समुद्री जीव) चिकटले असतील तर जुन्या सुरीने खरवडून काढा, राहिले तर आठवडाभर कुजका वास येतो. नंतर 10 लिटर साध्या पाण्यात बाजारात मिळणारं 4-5 टक्क्यांचं ब्लीच 100 मिली घालून त्यात 10 मिनिटं बुडवा आणि स्वच्छ पाण्याने खंगाळा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. धुतलेलं पाणी गटारात सोडण्याआधी जुन्या सुती धोतरातून गाळा. कपड्यावर राहिलेले तुकडे पाहिले की मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागतात.

सांगाडा गावातल्या ग्रिलवाल्याकडून करून घ्या. 8 मिमीची एक सळई (ती 12 मीटरची येते) आणि 6 मिमीची साधारण 8 मीटर एवढं पुरतं, एकूण वजन साडेसहा किलोच्या आसपास. 8 मिमीच्या सळईतून पाठीचा 3 फूट लांब आणि पावणेतीन फूट रुंद घेर, डोकं आणि चार पायांचे फास, शिवाय दीड फुटाचे चार खांब. 6 मिमीच्या तीन उभ्या आणि पाच आडव्या कमानी, मधली उंची 9 ते 10 इंच. वेल्डिंगची टोकं घासून घ्या आणि रेड ऑक्साइडचा एक हात द्या, रंगाची एवढीच सूट. त्यावर अर्धा इंची कोंबडीजाळी ताणून बांधा. 3 फूट रुंदीची 10 फूट जाळी पुरे. जाळीची कापलेली टोकं आत वळवा, नाहीतर पहिल्याच तासाला कुणाचा तरी हात फाटतो. बांबूचा सांगाडाही होतो आणि दिसतोही छान, पण गोलाई आणायला बुरूडकाम जाणणारा माणूस लागतो.

आता पाठ. इथे थोडं थांबून खरं कासव नीट पाहा. ऑलिव्ह रिडलेची पाठ जवळजवळ गोल, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराकडे झुकणारी असते. मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना सहा ते नऊ खवले असतात, आणि डाव्या-उजव्या बाजूंची संख्या पुष्कळदा सारखी नसते. इंटरनेटवरची बरीच चित्रं हिरव्या समुद्री कासवाची असतात, त्याच्या बाजूला चारच खवले असतात. चार काढलेत तर कासवांचं काम करणारे गावातलेच लोक लगेच ओळखतील. जाळीवर खडूने आधी खवल्यांच्या रेषा आखा. डाव्या बाजूला सहा आणि उजव्या बाजूला सात केलेत तर ते कासव चुकलेलं वाटत नाही, जिवंत वाटतं.

रेषांसाठी चपला. किनाऱ्यावर चपला नेहमीच जास्त सापडतात. तळव्याचं फोम धारदार कटरने पाऊण इंच रुंदीच्या पट्ट्यांत कापा. हे काम मोठ्यांचं. पट्टी वळते, तार धरते, आणि तिच्यावर उमटलेला टाचेचा झिजका खड्डा तसाच दिसू द्या. लोक सगळ्यात जास्त वेळ तिथेच बघत राहतात.

खवल्यांच्या आत शीतपेयांच्या हिरव्या बाटल्या. तळ आणि गळा कापून उरलेल्या नळकांड्याचे दोन तुकडे करा, प्रत्येकी साधारण 5 इंच लांब. पाठीचा पृष्ठभाग नऊ चौरस फूट धरला तर सव्वाशे तुकडे, म्हणजे 60 ते 65 बाटल्या. एवढ्या हिरव्या मिळणार नाहीत. उरलेल्या जागी तपकिरी औषधाच्या बाटल्या, खाकी तेलाचे कॅन, राखाडी डबे घ्या. ऑलिव्ह रिडलेचा रंग नाहीतरी राखाडी-हिरवाच असतो. बसवायचं मात्र घर शाकारतात तसं, वळचणीकडून आढ्याकडे. सगळ्यात खालची, काठावरची ओळ आधी, वरची ओळ तिच्यावर अर्धी चढवून. उलट केलंत तर प्रत्येक तुकडा पाणी आत घेतो.

कडा वळवायला मेणबत्ती वापरू नका. हस्तकलेच्या व्हिडिओंत सर्रास दाखवतात, पण पीईटीचा वितळलेला थेंब कातडीवर पडला की चिकटून बसतो आणि खोल भाजतो. पीईटी 75-80 अंशांनाच मऊ पडतं, म्हणून कडक गरम पाणी पुरतं. पातेल्यात पाणी उकळून आच बंद करा, चिमट्यात धरलेला तुकडा चार-पाच सेकंद बुडवा, कड आपोआप आत वळते. जास्त वेळ ठेवलात तर तो आक्रसून सुरकुततो. पहिले दहा तुकडे वाया जातील असं धरूनच चाला. ते डोक्याच्या आत भरायला वापरा.

भोकं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि चुका इथेच होतात. तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडायची नाहीत, धूर नाकात जातो. लाकडी फळीवर ठेवून 3 मिमीच्या बिटाने ड्रिल करा, पातळ बाटल्यांना कागदाचा पंच चालतो. भोक कडेपासून निदान 1 सेंटिमीटर आत, नाहीतर तार तिथूनच फाडून काढते. प्रत्येक तुकड्याला दोन भोकं, एका भोकावर तुकडा भिंगरीसारखा फिरतो. कॅनचे लांब तुकडे असतील तर दुसरं भोक लांबट करा. उन्हात पॉलिथीन वाढतं, फूटभराच्या पट्टीला मिलिमीटरभराचा फरक सहज पडतो, आणि घट्ट बांधलेली पट्टी फुगून उठते. तार 20 ते 22 गेजची, गंज न धरणारी, जी.आय. म्हणजे जस्त चढवलेली. दोन पीळ द्या, टोक पक्कडीने आत दाबा. केबल टाय सोपे पडतात, पण तेही नवं प्लास्टिकच आणि कापले की परत कचराच.

पोट पिवळट-पांढरं असतं. त्यासाठी दुधाच्या पिशव्या. आधी गार पाण्याने, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, सुरुवातीलाच गरम पाणी घातलं तर दुधाचा साका चिकटून बसतो. कापून, छापलेली बाजू आत आणि पांढरी बाहेर अशा सहा ते आठ पिशव्यांची चळत करा. खाली-वर सिलिकॉनचा बेकिंग पेपर ठेवा आणि मध्यम गरम, वाफ बंद केलेली इस्त्री सावकाश फिरवा. एका जागी 10-15 सेकंद पुरतात. पिशवीचं प्लास्टिक साधारण 110 अंशांना वितळतं, सुती कपड्याच्या खुणेवर इस्त्री ठेवलीत तर भोकंच पडतील. गार होईपर्यंत वर जाड पुस्तक ठेवा, नाहीतर पत्रा वाकडा होतो. हे काम शिक्षकांनी, खिडक्या उघड्या ठेवून. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांवर इस्त्री चालत नाही, ती नुसती आकसतात. त्यांच्या इंचभर पट्ट्या कापून जाळीत विणा आणि छापील नावाची बाजू बाहेर ठेवा. उन्हात ही छपाई काही महिन्यांत उडते, व्हरांड्यात मांडायचं हेही एक कारण.

पुढच्या दोन पायांना मासेमारीचं जुनं जाळं गुंडाळा, आणि एका पायाला ते जाणूनबुजून जास्त घट्ट आवळा. समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यात कासवं बहुधा पुढच्या पायांनीच अडकतात. कोळी बांधवांना बोलावून त्यांच्याच हातांनी ती गाठ मारून घ्या. जाळं कुठलं, ते का तुटतं, तुटलेलं परत आणायला काय लागतं, हे त्यांच्याइतकं नीट कुणी सांगणार नाही, आणि बोट फक्त त्यांच्याकडे दाखवलं जातंय असंही होणार नाही. तोंडात एक पारदर्शक पिशवी अर्धी लोंबती ठेवा. शेजारी लिहा की पिशवी जेलीफिशसारखी दिसते हे अर्धंच कारण. शेवाळ धरलेल्या प्लास्टिकचा वाससुद्धा कासवांना अन्नासारखा लागतो, लॉगरहेड जातीच्या कासवांवरच्या प्रयोगात ते दिसलं आहे.

मांडल्यावर तीन धोके. पहिला डासांचा. उताणं बुच, बाटलीचा तळ, चपलेची खोबण, यांत चमचाभर पाणी साचलं तरी डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. म्हणून प्रत्येक बुच पालथं बांधा, ज्याला खोलगटपणा आहे त्याला तळाशी भोक. मांडण्याआधी कासवावर दोन बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन तपासा. दुसरा वाऱ्याचा. एवढं सगळं मिळून वजन पंधरा-वीस किलोच भरतं आणि पाठ शिडासारखी वारा धरते. चारही खांबांना जुन्या सिमेंटच्या गोणीत 25-25 किलो वाळू भरून बांधा. तिसरा आगीचा. जवळ समई, उदबत्ती, हॅलोजनचा दिवा नको आणि आतून वायर नको. उजेड हवाच तर बाहेरून एलईडी.

फलक फ्लेक्सवर छापू नका. फ्लेक्स पीव्हीसीचा असतो. जुन्या प्लायवूडवर मुलांच्या अक्षरात लिहा, आणि फार लिहू नका. किनाऱ्याचा कुठला भाग, किती मीटर, कुठली तारीख, कुठली वस्तू किती नग, त्यांतल्या बंदी असलेल्या किती. सल्ला लिहायची गरज नाही. दोन मुलं शेजारी उभी राहून आलेल्याला म्हणतील, “यात तुमच्या घरातली वस्तू शोधा.” एवढ्यावर पाहुणा पाच मिनिटं थांबतो. परिणाम मोजायचा असेल तर त्याच जागेवरचे 100 मीटर पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा मोजा. पावसाळ्यानंतर लगेच मोजू नका, त्या चार महिन्यांत समुद्र इतकं बाहेर फेकतो की तुलना फसते.

उतरवायची तारीखही आजच ठरवा. व्हरांड्यात सहा महिने फार झाले. दर पंधरा दिवसांनी बोटाने चोळून बघा, भुकटी लागेल तो तुकडा काढा. उतरवताना तार कापून ढीग पुन्हा तसेच करा. बाटल्या वेगळ्या, बुचं-कॅन वेगळे, ते भंगारात जातात. पाकिटं आणि चपला कुणी विकत घेत नाही, त्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्या, आणि त्यांचं पुढे काय होतं ते मुलांसमोर विचारा. सांगाडा जाळीसकट पुसून, तेलाचा हात देऊन माळ्यावर टांगा. पुढच्या वर्षी त्याच कमानींवर नवी पाठ बसते, फक्त खवल्यांच्या रेषा खडूने पुन्हा आखाव्या लागतात.